मागच्या दारची माती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंद्याने बाइंडर, आता घरीच, या कागदावर लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा लावला की नजरही ठीक आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. जावईबापू दोनदा म्हणाले होते, "बाबा, कागदपत्रांचं एकदा बघून टाका." पण तो दबाव नव्हे, त्यांचा स्वभाव आहे. डॉक्टरीणबाईंनी परवा रक्तदाब पाहिला आणि माझे डोके त्यांच्यापेक्षा ताळ्यावर असल्याचे सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात एक गोष्ट खोटी गेली असती. ती कोणती, हे पाचव्या कलमात येईल.

कलम १. राहते घर, म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या, पुढचा व्हरांडा आणि माळा, माझ्यामागे माझ्या एकुलत्या एक मुलीचे. वडील गेल्यावर घर आम्हा दोघा भावांत मधोमध वाटले गेले, पलीकडचा अर्धा भाग धाकट्याचा आहे. त्यावर मुलीने हक्क सांगू नये. मागच्या अंगणातही तेव्हा भिंत घातली. भिंतीत एक दार ठेवले, कारण तेव्हा आम्ही एकमेकांशी बोलत होतो. न्हाणीघरातला नळ उलट्या बाजूला फिरवला की बंद होतो. त्याबद्दल प्लंबरला बोल लावू नये, तो मी बसवला आहे.

कलम २. बँकेतली ठेव मुलीची. भांडण व्हावे इतकी ती नाही.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे पुस्तके दाबायचा शिकंजा, कटर, दाभणे, सुयांचा डबा आणि खळीचे पातेले, हे सर्व माझ्या शेजारच्या टेबलावर तीस वर्षे पुस्तकांचे फर्मे शिवत बसलेल्या सोबत्याला द्यावे. त्याला आम्ही मिशांमुळे पिळदार म्हणत असू. त्याने एकदा माझी चांगली कात्री नेली आणि तिने पत्रा कापून परत आणून ठेवली. मी ते सतरा वर्षे मनात ठेवले आहे. आता सगळीच हत्यारे त्याची होणार असल्यामुळे रागाला जागा राहत नाही.

कलम ४. हिची वही नातीला. ही म्हणजे माझी पत्नी, जिला जाऊन दोन वर्षे झाली. वही मीच बांधून दिली होती, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. हिने मागच्या अंगणात चाळीस वर्षे भाजी पिकवली, आणि पहिल्या पानावर दोनदा अधोरेखित करून लिहिले आहे, "बाजारातली कसलीही पावडर माझ्या मातीत येणार नाही." पुढे उन्हाळ्याची पाने आहेत, ती नातीने नीट वाचावीत. पाणी उजाडायच्या आत घालायचे, मुळाशी, पानांवर नाही. माती कधी उघडी ठेवायची नाही, चार बोटे जाड वाळक्या पानांचे पांघरूण घालायचे. काकडी आणि दुधीच्या वेलांजवळ मडकी गळ्यापर्यंत पुरायची आणि भरून ठेवायची, मग झिरपत्या पाण्यावर वेल दुपार काढतात. टोमॅटोला पश्चिमेकडून सावलीची जाळी. भाजीची साले खड्ड्यात, एक थर सालांचा, एक वाळक्या पानांचा, आणि वास मातीसारखा येईपर्यंत हात लावायचा नाही. या शेवटच्या वाक्याकडे मी दुर्लक्ष केले, म्हणून पुढचे कलम लिहावे लागत आहे.

कलम ५. अकरा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मुलीचे बाळंतपण होते. ही चाळीस दिवस तिच्याकडे राहायला गेली आणि बाग माझ्या हवाली केली. मी पाणी वेळेवर घातले, ते कबूल करावे. पण मला वाटले, खत जितके जास्त तितके बरे. खड्ड्यातली कच्ची, अर्धवट कुजलेली साले उपसली आणि प्रत्येक रोपाच्या मुळाशी थापली. दहा दिवसांत टोमॅटो पिवळे पडले, मिरचीने मान टाकली. ही यायला बारा दिवस होते. मी नर्सरीत गेलो. नर्सरीवाला म्हणाला, "काका, युरिया टाका दोन मुठी. आठ दिवसांत बघा. कुणाला कळत नाही." मी दहा किलोची गोणी आणली.

आठ दिवसांत खरोखरच बाग हिरवीगार झाली. ही आली ती हातातली पिशवी खाली न ठेवता थेट मागे गेली. वाफ्यापाशी उभी राहून म्हणाली, "अहो, हे तुम्ही केलंत?"

मी म्हटले, "मग कोणी?"

त्या दिवसापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, यांच्या हाताला गुण आहे. लग्नाला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती आणि माझे असे कौतुक तिने प्रथमच केले होते. मला ते फार आवडले. महिन्याभराने पाने पुन्हा फिकी पडू लागली, तेव्हा एका दुपारी ती झोपलेली असताना मी आणखी टाकला, आणि या वेळी मुठी मोजल्या नाहीत. उरलेल्या गोणीचे तोंड शिवून ती माळ्यावर रद्दीमागे ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गांडुळे वर येऊन मरून पडली होती. हिने ती एका पत्र्याच्या झाकणात गोळा केली आणि झाकण हातात घेऊन बराच वेळ बसली. त्याच आठवड्यात धाकट्याने आपले लोखंडी गेट रंगवले होते आणि ब्रश रॉकेलने धुतले होते. ही भिंतीतल्या दारातून पलीकडे गेली. मी मागोमाग.

"भाऊजी, ब्रश कुठे धुतलेत?"

"मोरीत. का वहिनी?"

"माझी माती मारलीत तुम्ही."

"वहिनी, या मोरीचं पाणी तुमच्याकडे येतच नाही. उतार उलटा आहे." मग तो माझ्याकडे वळला. "दादा, तू सांग ना."

उतार उलटा आहे हे मला माहीत होते. मी म्हणालो, "आता झालं ते झालं. दोघांनीही विषय सोडा." समजूतदार माणसासारखा बोललो आणि त्या एका वाक्याने माझा भाऊ दोषी ठरला. हिने दाराला कुलूप लावले. ती माती पुन्हा जिवंत करायला तिला तीन उन्हाळे लागले. त्या वाफ्यात तिने काही लावले नाही, नुसती पाने आणि पिकलेले खत घालत राहिली.

शेवटच्या आजारात ती मला म्हणाली, "भाऊजींना सांगा, माझ्या मनात काही नाही. चुकून झालं असेल त्यांच्याकडून." तेव्हा तरी मी खरे सांगायला हवे होते. मी तिच्या अंगावरची चादर सारखी करत राहिलो. तो निरोप मी अजून पोचवलेला नाही. कोणत्या तोंडाने पोचवणार?

कलम ६. म्हणून मागचे अंगण, त्यातले वाफे, मडकी, जाळी, खताचा खड्डा आणि भिंतीतल्या दाराची किल्ली, हे सर्व मी माझ्या धाकट्या भावाला देतो. त्याने माती मारली नव्हती. मी मारली होती. हे सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. दोन वर्षे माझे गुडघे वाकत नाहीत. मी उभ्याने पाणी घालतो, पाने पसरतो, पण मातीत हात गेलेला नाही. हिने जिवंत केलेली माती आज जिवंत आहे की नाही, ते मला सांगता येत नाही.

पुरवणी. वरील मजकूर मी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वकीलबाईंना वाचायला दिला. त्यांनी सहावे कलम दोनदा वाचले आणि चष्मा काढला.

"काका, हे वाचलं जाईल तेव्हा तुम्ही नसाल."

"तेच तर सोयीचं आहे."

"तुमची सोय होईल हो. त्यांनी मग कोणावर रागवायचं? फोटोवर?"

मी घरी आलो. जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलपात तेल सोडले, किल्ली फिरवली, पण दार फुगून बसले होते. मी ढकलत राहिलो. पलीकडून आवाज आला, "सर मागे." आणि धाकट्याने ते ओढून उघडले. तो आता एकाहत्तर वर्षांचा आहे. सगळा जन्म वायरमनचे काम केले, बोलणे मुळातच कमी. मी उंबऱ्यावरच सगळे सांगून टाकले, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. त्याने हाताची घडी घालून ऐकले.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच महिन्यात तुमचा फ्यूज गेला होता. बोलणं बंद होतं, तरी माळ्यावरचा बोर्ड बघायला तूच बोलावलंस. रद्दीमागे गोणी होती, तोंड शिवलेली. साखळी टाका, दर दोन बोटांवर गाठ. युरियाच्या गोणीला असा टाका कोण घालतं रे?"

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला? वहिनी गल्लीभर सांगत होती, यांच्या हाताला गुण आहे म्हणून. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं." मग म्हणाला, "आणि मला वाटलं तू सांगशील. आधी आठवडाभर वाटलं. मग वर्षभर वाटलं. मग वाटायचं थांबलं."

मला रडू आले. मृत्युपत्रात हे लिहितात की नाही ठाऊक नाही, पण आले. मग मी हिचा निरोप सांगितला, अक्षरशः तिच्या शब्दांत.

"चुकून झालं असेल, असं म्हणाली?"

"हो."

"मग ते तूच ठेव. तुझ्या कामाचं आहे."

वकीलबाईंचे म्हणणे, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, उगाच पुढे वाद नको. धाकट्याने अंगण नको म्हटले. "कागदावर पोरीचंच राहू दे. मला दार उघडं पुरे. सही मी करतो." म्हणून कलम ६ मधले अंगणाचे आणि किल्लीचे वाक्य तेवढे रद्द, शेजारी माझी सही आहे. अंगण मुलीचे, मात्र धाकटा आणि त्याची बायको आहेत तोवर त्यांनी तिथे केव्हाही यावे, लावावे, तोडून न्यावे (नुसती मुभा म्हणजे मिळकत नव्हे, हे वकीलबाईंना विचारून घेतले आहे). भिंतीतल्या दाराला कुलूप लावता येणार नाही. अंगणात फरशी घालून गाडी उभी करण्याचा जावईबापूंचा विचार याद्वारे फेटाळण्यात येत आहे.

ठिकाण: मागचे अंगण, सावलीच्या जाळीखाली
दिनांक: १९ मे, सकाळी साडेसात

मृत्युपत्र करणार: सही (थोडी हलली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार क्र. १, डॉक्टरीणबाई: सही. लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत. रक्तदाब आज बरा आहे.

साक्षीदार क्र. २, धाकटा भाऊ, वायरमन: सही. दादाने माझ्यादेखत सही केली. त्याला वाकता येत नाही म्हणून वहिनीच्या वाफ्यातली पाने बाजूला करून मीच कोपरापर्यंत हात घातला. गांडुळे आहेत.