एक बाही लांब

४ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं पुस्तक वाचून संपवलं. एवढा राग मला माझ्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणाऱ्यांचाही येत नाही. आदर्श नगरी म्हणे! मूल जन्मलं की उचलून एका दालनात न्यायचं, आई कोण, बाप कोण, कुणाला पत्ता नाही, आणि सगळ्यांनी सगळ्यांवर सारखी माया करायची. लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी रडतं पोर मांडीवर घेतलं असतं, तर ते प्रकरण त्याच्या हातून उतरलंच नसतं.

आमच्या वाचक मंडळात निवृत्त न्यायाधीश म्हणाले की ग्रंथ थोर आहे, आपलीच पात्रता नाही. मी म्हटलं, असेल थोर, पण त्या नगरीत मी माझं मांजरसुद्धा ठेवणार नाही. तुझ्या दाजींनी तिसऱ्या पानावर डुलकी काढली, ते अजून तिथेच आहेत.

ते नुसतं वाचलं असतंस तर मी काही बोलले नसते. तू चांगली मास्तरकी सोडून त्या पुस्तकाबरहुकूम चालणाऱ्या वसाहतीत जाऊन बसलास आणि आईविना पोर तिथल्या बालगृहात टाकलीस. मिरीला माझ्याकडे पाठव. तिच्यासाठी पिवळा फ्रॉक शिवलाय, सोबत पाठवते. हसू नकोस.

राग आहे तोवर लोभही आहे असं समज.

तुझी ताई

१५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

फ्रॉक पोचला. नेहमीप्रमाणे एक बाही लांब. तुझ्या हातचा एकही कपडा दोन्ही हातांना सारखा बसलेला मला आठवत नाही. मात्र तो मिरीला मिळालेला नाही. इथे सगळ्या मुलांचे कपडे एकाच कपाटात असतात, सकाळी हाती येईल तो घालायचा. तुझा फ्रॉक रोज निराळ्या पोरीच्या अंगावर हिंडतो.

पुस्तकावर तू अगदी तुटून पडलीस. पण ते माझ्या हाती कधी आलं, ते आठव. ही गेल्यावर तू महिनाभर राहिलीस, पुढचं तू पाहिलं नाहीस. मिरी रोज संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसायची. जेवण तिथेच, पेंगायचीही तिथेच. जिना वाजला की उठून उभी राहायची. कधी शेजारीण असायची, कधी दूधवाला. मी तिला काय सांगणार होतो? त्या पुस्तकात मला एक गाव सापडलं, जिथे कुठलंच मूल असं दाराकडे बघत बसत नाही. इथे सगळ्या बायका मावश्या, सगळे पुरुष काका. आई नावाचं माणूसच नाही, मग ते जाणार कुठून? तुला त्याचा संताप येतो, मला ते वाचून कित्येक महिन्यांनी झोप लागली.

कळावे, आणि रागासकट असू द्यावे.

तुझा भाऊ

२३ जून

चि. भाऊस आशीर्वाद, या खेपेला निम्मेच.

मी फ्रॉक वसाहतीला शिवला नव्हता. कपाटाचं वाचून मी कात्री आपटली, तुझे दाजी दचकून जागे झाले.

पोर दाराकडे बघते हे तुला बघवेना, म्हणून तू दारच काढून टाकलंस. अरे, त्याच दारातून तूही घरी येत होतास ना? तुला बघून तिचा चेहरा कसा व्हायचा, ते नाही लिहिलंस. तुझ्या त्या थोर लेखकाला मी चार शब्द ऐकवले असते. तो मेलाय हे त्याचं नशीब.

मंडळात मी तुझं नाव न घेता वसाहतीचं सांगितलं. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं की ती मुलगी बापाला ओळखते का. मी विषय बदलला. मी! तो फ्रॉक कपाटातून काढ, तिला स्वतःच्या हाताने घाल आणि ती काय म्हणते ते लिही. नाहीतर मी येते, आणि मी आल्यावर तिथे काय आदर्श उरतं ते बघच.

उरलेले आशीर्वाद उत्तर आल्यावर.

ताई

१ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

फ्रॉक लगेच सापडला, लांब बाही कपाटाबाहेर लोंबत होती. तो घेऊन बालगृहात गेलो. एकाच मुलासाठी काही न्यायचं नाही असा इथे नियम आहे. तो करताना सगळ्यांत आधी हात मीच वर केला होता.

मुलं जमिनीवर ठोकळे रचत होती. मी दारात उभा राहिलो. मिरीचं तोंड दाराकडेच होतं. तिची नजर माझ्यावरून सरकली आणि ती पुन्हा ठोकळ्यांत रमली. मी जवळ जाऊन फ्रॉक घातला. तिने हात वर केले, लांब बाही आपली आपण दुमडली आणि काकांना थँक्यू म्हटलं. काका म्हणजे मी.

ताई, पुस्तकात होतं तसंच झालं. ती आता दाराकडे बघत नाही. दारात मी असलो तरी बघत नाही.

तू विचारलंस, तिचा चेहरा कसा व्हायचा. शेजारणीला बघून पडायचा, दूधवाल्याला बघून पडायचा आणि मला बघून खुलायचा गं. मी दुःखात तेवढंच विसरलो.

उद्या तिला घेऊन निघतो. वसाहतीच्या समितीने फ्रॉक परत मागितला तर मागू दे. पुस्तकाची माझी प्रत इथेच ठेवून येतो, तुझ्या घरात तिची खैर नाही.

रागाचं आल्यावर बघू, लोभ तेवढा तयार ठेव.

तुझा भाऊ

ता. क. हे पत्र आज रात्री तिकडे निघालेल्या माणसाच्या हाती देतोय, आमची गाडी परवा दुपारी पोचते. दुकान तेवढा वेळ दाजींवर सोपव आणि दारात उभी राहा. ती बघेलच असं नाही. तरी उभी राहा.