बांधाची पट्टी, एक प्रार्थना आणि कोंबड्या

मी, निकोलस केरिपेल, वय सेहेचाळीस, धंदा टोमॅटोची लागवड, राहणार तोर्तेवाल, गर्न्झी बेट, असे लिहून ठेवतो की माझी फुप्फुसे निकामी झाली असली तरी बुद्धी शाबूत आहे आणि हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. मला बायको-मुले नाहीत. शाळा लवकर सुटली. पुढचे सारे मी पुस्तकांतून स्वतः मिळवले. सबब वकिलांनी यात सुधारणा करू नयेत.

एक. घर आणि दोन्ही काचघरे धाकटी बहीण रूबी हिला. जर्मन सैन्य आमच्या बेटावर उतरण्याआधी शाळेच्या मुलांबरोबर तिला बोटीने इंग्लंडला धाडले, तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि बेटावरच्या आमच्या बोलीखेरीज तिला काही येत नव्हते. युद्ध संपल्यावर परतली ती फक्त इंग्लिश बोलत. धक्क्यावर आईने तिला कुरवाळत काही विचारले. रूबी माझ्याकडे वळली, "दादा, ही बाई काय म्हणतेय?"

"भूक लागलीय का, विचारतेय."

आई जाईपर्यंत त्या दोघींमध्ये मी दुभाष्या होतो.

दोन. आईचे मातीचे मडके, ज्यात ती घेवडा आणि डुकराचे पाय रात्रभर शिजवी, तेही रूबीलाच. त्यात ती छत्र्या ठेवील हे मला ठाऊक आहे.

तीन. इतिहासाची पुस्तके रूबीचे यजमान हॅरल्ड यांना. ते इंग्लंडचे. एकदा म्हणाले, "तुमची बोली म्हणजे मोडकी फ्रेंच." मी म्हटले, "जावईबापू, हीच बोली बोलणाऱ्या आमच्या नॉर्मन ड्यूकने तुमचे इंग्लंड जिंकले. तेव्हापासून गोठ्यातली गाय तुम्ही तुमच्या 'काउ' या शब्दाने हाकता, पण तीच ताटात आली की आमच्या 'बीफ' या शब्दाने खाता!" वाद मी जिंकला. पण इंग्लिशमध्ये.

चार. काचघरामागची बांधाची पट्टी शेजारी थॉमस लेनफेस्टी यांस. तो ती खणू लागला तेव्हा मी टोपी काढून, गुडघे टेकून, आमच्या जुन्या रिवाजाप्रमाणे 'धाव राजा, माझ्यावर अन्याय होतोय' अशी हाक घातली आणि प्रभूची प्रार्थना म्हटली. ती हाक ऐकली की फावडे थांबलेच पाहिजे. टॉमने थांबवले. वर म्हणाला, "निको, प्रार्थनेतली एक ओळ खाल्लीस की रे!" खाल्ली नव्हती. तेव्हापासून अबोला.

पण या गल्लीत ती बोली आता आम्हा दोघांनाच येते. म्हणून तो आपल्या गाईला मोठ्याने सांगतो, "पलीकडच्या कंजुषाचे छप्पर गळतेय गं!" आणि मी माझ्या कोंबड्यांना सांगतो, "ज्याला दिसतेय त्याने शिडी आणावी." पट्टीच्या बदल्यात अट एकच: पाद्रीबुवांना आमची बोली येत नाही, तेव्हा माझ्या थडग्यापाशी प्रार्थना टॉमने म्हणावी. सगळ्या ओळींसह.

पुरवणी. थॉमस लेनफेस्टी रविवारी वारले. त्यांची गाय विकली गेली. कलम चार रद्द, पट्टी रूबीला. प्रार्थना इंग्लिशमध्ये चालेल, तिथे उभे राहणाऱ्यांना तेवढीच कळेल.

कोंबड्यांचे लिहायचे राहिले. ज्याला हव्या त्याने न्याव्यात. इंग्लिशमध्ये बोलावले तर त्या येत नाहीत. दाणे टाकले की येतील.

सही: निकोलस केरिपेल
आमच्यासमक्ष: वॉल्टर टोरोड, अमेलिया ब्रुआर
तोर्तेवाल, ९ नोव्हेंबर १९६८