खेळाच्या बियांचा डबा

प्रिय बाबा,

बॅटरी शोधायला आज तुमची ट्रंक उघडली आणि बॅटरीऐवजी पत्र्याचा एक डबा हाती आला. म्हणून हे पत्र. सासऱ्यांना पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, आणि तीही तुम्ही गेल्यावर!

आज चौथा दिवस. पाऊस थांबत नाही, लाइट नाही, शाळा बंद, मोबाइल कधीच बंद पडलाय. चिनूने सकाळी झोपाळ्यावरून उडी मारून कपाळाला टेंगूळ आणलं. मनूने ओल्या कपड्यांच्या दोरीला लोंबकळून दोरीच खाली आणली. मी ओरडले, मग दोघं रडली, मग मीही. खरंच थकले हो बाबा!

मे महिन्यात तुम्ही गेलात तेव्हा वाटलं, रडायचं तेवढं रडून झालं. खरी उणीव पावसात भासेल, हे कुठे ठाऊक होतं?

तुम्ही या पोरांना कसं धरून ठेवायचात? माजघरात कोळशाची रेघ, रेघेवर काजूच्या बिया मांडलेल्या, आणि लांबून मोठ्या बीने नेम धरायचा. जो पाडेल त्याची बी. पण मारलेली बी आणायला लंगडी घालतच जायचं, हा तुमचा नियम. चार डाव होईपर्यंत दोघांच्या पायातली रग जिरायची आणि जेवून ती आडवी व्हायची. मी मात्र कुरकुरायचे, लादीवर कोळसा कशाला? आता लादी लख्ख आहे. काय करू तिचं?

एक कबुली राहिलीय. गेल्या पावसाळ्यात तुम्ही डोळे तपासायला कुडाळला गेला होतात. मला फळीवर टपोऱ्या बियांचा डबा दिसला आणि मी त्या मागच्या चुलीत भाजल्या. मला काय माहीत, त्या तुमच्या हातात वर्षानुवर्षं गुळगुळीत झालेल्या नेमाच्या बिया होत्या! संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "गो, डब्यातल्यो बियो खंय गेल्यो?"

"उंदरांनी नेल्या असतील," मी म्हटलं. बेधडक!

"बरां," एवढंच म्हणालात. तो सगळा पावसाळा बियांऐवजी सुपाऱ्यांनी खेळून काढलात. सुपारी घरंगळत कपाटाखाली जायची आणि तुम्ही गुडघा धरून वाकायचात. मी बघत राहिले.

आजच्या डब्यात यंदाच्या हंगामातल्या बिया आहेत. एकेक निवडून घेतलेली. छातीत दुखत असताना काजूखाली फिरत होतात का? झाकणावर कागद चिकटवलाय, त्यावर तुमचं अक्षर:

"खेळाच्यो बियो. भाजू नको गो."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! असणारच. भाजलेल्या काजूचा वास घरभर कोंडला होता, आणि उंदीर काही चूल पेटवत नाहीत. वर्षभर माझं खोटं सांभाळलंत, एकदाही खजील केलं नाहीत. असं का हो केलंत? रागावला असतात तर मी माफी तरी मागितली असती.

मनू विचारतेय, "आई, तुका खेळूक येता?"

येत नाही. पण लादीवर रेघ मी ओढलीय, कोळशाचीच. अंगात त्राण नाही, तरी लंगडी घालीन. दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन काजूखाली जाईन, आणि चांगल्या बिया आधी या डब्यात पडतील, मगच चुलीत. आणि गेल्या वर्षीचा उंदीर कोण होता, ते आज डाव मांडण्याआधी पोरांना मीच सांगेन.

तुमचा उंदीर,
वैशाली