मायच्या कांद्याचं बी

॥ श्री ॥
कुंभार पिंपळगाव,
ता. ११-२-१९९६

चि. भुजंगास आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडं समदे खुशाल, तिकडली खुशाली कळव.

भाऊ, मायच्या पांढऱ्या कांद्याला गोंडे फुललेत, पण मधमाशी एक फिरकत न्हाई. तुझ्या उमाचा साखरपुडा इथं आमच्या शेतात चिंचेखाली झाला, तवा पाव्हण्यांना चावतील म्हणून तूच माणूस लावून आग्या मोहोळ जाळलंस. लेकीसाठी केलंस, ते खरं. पण आता रोज बांधावर बसून बघून राह्यले. गोंड्यावर मुंग्या चढतात, चतुर बसतो न बसतो तोच उडतो, फुलपाखरं गायरानातच हुंदडतात. चार-दोन माश्या आल्त्या, त्या शेजारच्या वाफ्यात धन्यासाठी राखलेल्या कोथिंबिरीच्या फुलावर. मला असा संताप आला की समदा धना उपटून फेकला. वाटलं, आता तरी कांद्यावर येतील. कुठलं काय, त्याही गेल्या. माझी अक्कल शेण खायला गेल्ती!

ठेवणीतले होते तेवढे कांदे लावून बसले. मागलं बी जुनं झालं, उगवत न्हाई. औंदा बी धरलं न्हाई तर मायनं लग्नात पदराला बांधून दिलेला कांदा संपला. तू बियाण्याच्या कारखान्यात हाईस, जल्दी काही सांग. जीव थाऱ्यावर न्हाई.

तुझी आक्का

जुना जालना,
ता. १५-२-१९९६

ती. आक्कास भुजंगचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. मोहोळ जाळताना कांद्याचा विचार डोक्यात आलाच न्हाई. कारखान्यात विचारलं. दंव सुकलं की हाताला मलमलचं फडकं गुंडाळ आणि एका गोंड्यावरून दुसऱ्यावर हलकं फिरव, म्हणजे माशीवाणी पराग इकडचे तिकडं लागतील. फुलं हाईत तोवर रोज. औषध बिलकुल फवारू नको. लहानपणी मांजरानं दूध पिलं तर तू भांडंच आपटायचीस, धन्याला तीच खोड नडली! उमा रडून राह्यली, आत्याला तोंड कसं दाखवू म्हणते.

माझ्यावरली माया आटू देऊ नको.

तुझा भुजंग

कुंभार पिंपळगाव,
ता. ८-४-१९९६

चि. भुजंगास आशीर्वाद.

फडकं फिरवून खांदा निकामी झाला, डोळ्यांची आग झाली. तुझे दाजी हसायचे, लेकराचं अंग पुसावं तशी कांदा पुसती म्हणायचे. पण एकटीच्या हातानं माश्यांचं काम होतं का रे? ऊन तापलं, फुलं करपली. काल गोंडे चोळले, पाखडले. निव्वळ भुसा. बी मूठभर. सूप पुढ्यात घेऊन रडले, माय गेली तवा रडले तशी.

आणि आज चिंचेवर मोहोळ येऊन बसलं. आता! तुझे दाजी सवयीनं टेंभा घेऊन निघाले. मी बुंध्याला पाठ लावून उभी राह्यले, म्हटलं आधी मला पेटवा. मंग टेंभा विझवून माघारी फिरले.

उमाला म्हणावं, रडू नको, तुझ्यावर राग न्हाई. मुठीतलं अर्धं बी पुडीत बांधून सोबत धाडते. तुझ्या न्हाणीमागं जागा हाय, तिथं दिवाळीच्या आधी पेर. पुढल्या सालावर ढकलू नको, मरून जाईल. माझ्याकडलं गेलं तर तुझ्याकडं राहील. दोघांकडलंही गेलं तर माहेर म्हणून माझ्याजवळ दुसरं काही न्हाई, भुजंग.

बहिणीवर जीव असू दे. पुडी पोचल्याचं कळव.

तुझी आक्का