अर्ध्या खाटेचं भाडं

अब्बा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि आज शुक्रवारच्या सुट्टीत मी परदेशातल्या तुमच्याच शहरात, आठ जणांच्या खोलीत, वरच्या खाटेवर पाय मुडपून महिन्याचा खर्च लिहायला बसलो. तुम्ही इथल्या बेकरीत पाव भाजायचात, मी गोदामात खोकी उचलतो, एवढाच काय तो फरक. बायको म्हणते, मे महिन्यात लेकीला घेऊन येते, खर्च नीट बसवला तर तिघांचं भागेल. भाडं, जेवण, बसचा पास, फोन असं लिहायचं ठरवलं होतं. पेन टेकवलं आणि पहिली ओळ उतरली ती 'बॅग'. रजेवर जाताना मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराला काहीतरी न्यायचं, साबण, अत्तर, दुधाच्या पावडरीचा डबा, एकही घर सुटता कामा नये; म्हणून दर महिन्याला थोडं थोडं घेऊन खाटेखाली साठवायचं. आधी बॅग, मग भाडं, उरलं तर पोट. हे खूळ तुम्ही माझ्या डोक्यात घातलंत. तुमचा इतका संताप आला की मी तो कागद फाडून टाकला.

तुमच्या एका रजेतला गुरुवार अजून डोळ्यांसमोर आहे. मी अकरा वर्षांचा. अम्मी चुलीपुढे तांदळाची भाकरी थापतेय आणि तुम्ही तिला हळूच सांगताय की तिथे तुम्ही अर्धी खाट घेतली आहे. रात्री तिच्यावर बांधकामावरचा एक माणूस झोपतो, सकाळी तो कामावर गेला की तुम्ही बेकरीतून येऊन त्याच्याच जागी आडवे होता. भाडं निम्मं पडतं, वाचलेल्या निम्म्यात बॅग भरते. अम्मीचा हात थांबतो. कुणाला बोलू नको, म्हणता तुम्ही. मला मात्र ती युक्ती फारच हुशारीची वाटली. संध्याकाळी शेजारच्या चाचांना, तुमच्या लहानपणच्या दोस्ताला, मी ती मोठ्या अभिमानाने सांगून टाकली. मी सांगितली, अब्बा. अम्मीने नाही.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज झाल्यावर मोहल्ला आपल्या अंगणात जमला, बॅग उघडली. चाचांच्या हातावर तुम्ही साबणाच्या दोन वड्या ठेवल्यात. ते हसत म्हणाले, "अर्ध्या खाटंचा शेठ आमचा. साबन पन अर्धाच लावत असंल." माणसं हसली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, तुमची थट्टा ते नेहमीच करायचे. तुम्ही नारळ सोलायची पहार उचललीत. पहिला घाव त्यांच्या कोपराखाली बसला आणि वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. दुसरा खांद्यावर. हाताचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, आणि चौघांनी धरलेलं असतानाही तुम्ही पडलेल्या माणसाला लाथा घालत होता. जीपमध्ये घालून त्यांना श्रीवर्धनला नेलं. तो हात वाकडाच बसला, सुपारी काढायला पोफळीवर ते पुन्हा कधी चढले नाहीत.

तुम्ही घरात आलात, आतून कडी घातलीत आणि पट्टा काढलात. कुणी सांगितलं, एवढंच विचारत होता. मी हंड्यांच्या मागे उभा. अम्मीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मीच बोलले." मग तुम्ही तिला मारलंत. पाठीवर, तोंडावर, ती खाली बसली तरी मारलंत. बक्कल कानावर लागलं आणि रक्त मानेवरून झंपरात उतरलं. मी तोंड उघडलं असतं तर तिचा कान वाचला असता. मी उघडलं नाही, कारण मला तुमची भीती वाटत होती, आणि त्या भीतीबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. दोन वर्षांनी तुम्ही त्याच अर्ध्या खाटेवर झोपेतच गेलात. बांधकामावरचा तो माणूस संध्याकाळी आपली पाळी म्हणून आला आणि कितीतरी वेळ तुम्हाला उठवत राहिला, असं आम्हाला नंतर कळलं.

आता माझं ऐका. बायकोला मी तीन वर्षं सांगत आलोय की कंपनीने मला स्वतंत्र खोली दिली आहे, किचनसकट. काल ती फोनवर म्हणाली की तिकिटांसाठी शनिवारी म्हसळ्याला सोनाराकडे बांगड्या मोडायला जाते. म्हणजे उद्या. बांगड्या मोडून ती लेकीला घेऊन या आठ पुरुषांच्या खोलीत उतरणार, आणि मी आपला हो हो म्हणत होतो. माझ्या खालच्या खाटेवर तळा तालुक्यातला एक जण राहतो, घरची भातशेती आहे, आम्ही एका ताटात जेवतो. फोन ठेवला तसा तो हसला आणि किचन कुठल्या बाजूला आहे, म्हणून विचारलं. मी त्याची मान धरून डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा आपटताना मला बरं वाटलं. त्याची भुवई फाटली. त्याने तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती. तो टॉवेल दाबून खाली बसला आणि म्हणाला, "आनखी मार हवं तर. पन तिला खरं सांग. बांगड्या तिच्या हायत, तुझ्या न्हाय."

आज दुसरा कागद घेतला आणि सरळ लिहिलं. तिघांसाठी खोली घ्यायची तर पगाराचा पाऊण हिस्सा भाड्यातच जातो, वर दलालाला आगाऊ द्यायचे ते वेगळेच. उरतं त्यात तिघं पंधरा दिवसही जेवणार नाहीत. मग फोन लावला आणि खोली, खाट, पगार, सगळं सांगितलं. खोटं का बोललात, असं तिने विचारलं. बांगड्या मोडू नको, म्हणालो, आणि हे कुणाला बोलू नको. ती म्हणाली, फोन स्पीकरवर आहे, लेक इथेच बसली आहे. लेक दहा वर्षांची आहे. ती म्हणाली, "अब्बा, मी शाळंत सगल्यांना सांगितलंय आमी तिकडं जानार म्हनून. आता काय सांगू? तुमी वरच्या खाटंवर झोपता, ते सांगू?"

मी म्हणालो, सांग.

हे सगळं खर्चाच्या त्या दुसऱ्या कागदाच्या पाठीवर लिहिलंय. पाठवायचं कुठे, तुम्ही याच शहराच्या मातीत आहात आणि तुमची कबर कुठली ते मला सापडलेलं नाही. पोरगा आपल्यापेक्षा बरा निघाला असं तुम्हाला वाटायला नको म्हणून एक सांगतो. लेक विचारत होती तेव्हा माझ्या मोकळ्या हाताची मूठ वळलेली होती, आणि ती समोर नव्हती म्हणूनच मी 'सांग' म्हणू शकलो.