रस्त्यापलीकडचं मेडिकल

प्रिय अपेक्षा,

फोन करणार होते, पण फोनवर तू हसवतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसले. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं. सोलापूरला डी.फार्मला असताना माझ्या जर्नलची पानं तू पुन्हा लिहून द्यायचीस, हे आता गावात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

आधी बातमी सांगते. माझे सासरे, गुरप्पामामा, सोलापूरला दवाखान्यात आहेत. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला. थंडी वाजून ताप भरला, बरळायला लागले, तेव्हा गाडी करून नेलं. तपासणीत निघालं की नेहमीच्या गोळ्या त्या जंतूंवर चालतच नाहीत. आता शिरेतून इंजेक्शनं चालू आहेत. ताप उतरलाय, पण एका मूत्रपिंडाचं काय होणार ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. संगमेश वडिलांजवळ तिथंच राहतोय. मी दुकान आणि दवाखाना अशा खेपा घालतेय.

घरात फार्मासिस्ट सून असताना इतकं वाढलंच कसं, असं सगळे विचारतात. तूही विचारशील. माझ्या दुकानाचा नियम तुला माहीत आहे. लाल रेघेची अँटिबायोटिकची पट्टी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, आणि दिली तर पूर्ण द्यायची, दोन गोळ्या कापून नाही. अशानं दुकान चालायचं नाही, असं संगमेश लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाला होता. त्याचंही खोटं नव्हतं. गावात डॉक्टर नाही. चिठ्ठी आणायची म्हणजे अक्कलकोट गाठायचं, रोजगार बुडवायचा, रांगेत बसायचं. शेजारची तानाबाई तोंडावर म्हणाली, "तुजी गोळी घ्यायला मानूस आदी धडधाकट पायजे की." मला हसू आलं. शेवटी अक्कलकोटच्या एका डॉक्टरीणबाईंच्या मागं लागले. आता त्या बाजाराच्या दिवशी आमच्या ओसरीवर बसतात. बायका-पोरांची चांगली सोय झाली. पुरुषांचा विचार मी केलाच नव्हता.

गेल्या वर्षी रस्त्याच्या पलीकडं दुसरं मेडिकल उघडलं. शिवकुमार चालवतो. आधी खताच्या दुकानात होता. माणूस गोड आहे, कन्नड बोलणाऱ्याशी कन्नड, मराठी बोलणाऱ्याशी मराठी. चिठ्ठी मागत नाही, कात्रीनं दोन गोळ्या कापतो आणि "पॉवरची हाय, लगीच उतार पडतो" म्हणून देतो. मी गिऱ्हाईक असते तर मलाही तोच आवडला असता.

मामांना उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली. आता ही गोष्ट सुनेला कशी सांगायची? मुलाला सांगावी तर तो घरी येऊन बायकोलाच विचारणार. ओसरीवरची डॉक्टर तीही बाईच. म्हणून मामा डोक्यावर टॉवेल टाकून रस्ता ओलांडायला लागले. मला वाटायचं, पानटपरीवर तंबाखूला चाललेत. दोन गोळ्या घेतल्या की बरं वाटायचं, पुन्हा जळजळ, पुन्हा दोन. एका गोळीवरच बरं वाटलं तर दुसरी बंडीच्या खिशात जपून ठेवायची, पुढच्या खेपेला होईल म्हणून. काटकसरीचा माणूस. औषध कमी खातोय म्हणजे चांगलंच करतोय, अशी त्यांची समजूत. हे सगळं त्यांनी दवाखान्यात संगमेशला सांगितलं, तेही मी कॉटशी उभी होते म्हणून भिंतीकडं तोंड करून.

त्या दिवशी गावात उतरले ती घरी न जाता सरळ समोरच्या दुकानात गेले. पहिल्यांदाच. तुमचा फार्मासिस्ट कुठं आहे, एवढंच विचारलं. शिवकुमार जराही चिडला नाही. "मॅडम अकलूजला हायत की. कागद हितं हाय, तेवडं बास हाय," म्हणाला आणि भिंतीकडं हात केला. अपेक्षा, चौकटीतल्या सर्टिफिकेटवर तू होतीस. सोलापूरला नवी पेठेत काढलेला तो फोटो. त्यातली ओढणी माझी आहे.

मी तिथून बाहेर आले आणि बराच वेळ माझ्या दुकानाचं शटर उघडलं नाही. तुझा खूप राग आला. अजूनही आहे. कसं झालं असेल ते मला कळतं. सासरी नोकरी नको म्हणाले, मुलं झाली, कागद कपाटात पडून राहिला. मग कुणीतरी म्हणालं असेल, दुकानाला नुसतं नाव तर लागतंय, घरबसल्या पैसे मिळतील. आपल्याबरोबरच्या कितीतरी जणींनी हेच केलंय. मामांचा सगळा आजार त्या एका दुकानातून आला असंही मी म्हणत नाही, आमच्या गल्लीत घरोघरी अर्ध्या पट्ट्या पडलेल्या असतात. पण डोस पूर्ण का घ्यायचा हे मला वर्गात कळलं नव्हतं, मेसमध्ये तू सांगितलंस तेव्हा कळलं. हरळी अर्धी खुरपून सोडली तर पुढं सगळं रान तिचंच होतं, असं म्हणाली होतीस. मी गिऱ्हाइकांना आजही तुझंच वाक्य ऐकवते.

आता लिहिण्याचं कारण. मामांना घरी सोडलं की मी सोलापूरला औषध निरीक्षकांकडं तक्रार देणार आहे. दुकानाचा परवाना तुझ्या नावावर उभा आहे, तेव्हा पहिलं नाव तुझंच येईल, आणि फार्मासिस्ट म्हणून तुझी नोंदणीही जाऊ शकते. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. त्याआधी एकदा ये. तो कागद काढून घेऊन जा, नाहीतर शिवकुमारच्या शेजारी खुर्ची टाकून रोज बस. पोरांना घेऊन आमच्याकडं राहा, सासरी मी येऊन बोलते. माझं निम्मं गिऱ्हाईक तुझ्याकडं गेलं तरी चालेल. नाही आलीस तर मी तक्रार देईन, बसमध्ये रडत घरी येईन, पण देईन. साहेबांपुढं सगळं सांगायला मामा तयार झालेत, तेही माझ्यासमोर. ज्या माणसाला दुखणं सुनेला सांगता आलं नाही, त्याच्याच्यानं एवढं होत असेल, तर तुझ्याच्यानं अकलूजहून इथवर येणं व्हायला हरकत नाही.

राग धरूनही तुझीच,
महानंदा