उसना श्वास

उन्सिया, बुधवार, १४ ऑगस्ट २०१९

चि. रेमिहियो यास अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. वारा फार सुटलाय. छपराचे पत्रे उडतील म्हणून सकाळपासून तिसऱ्यांदा त्यावर दगड ठेवून आलो. तुझ्या आईने पाठवलेले सुकवलेले बटाटे पोचले. तिला सांग.

काल दवाखान्याच्या गाडीत माझ्या छातीचा फोटो काढला. तीच गाडी सोमवारी तुमच्या खाणीवर येणार. नवं यंत्र एका श्वासात दोन फोटो घेतं आणि हाडं वेगळी, फुप्फुसं वेगळी दाखवतं. बरगडीमागे लपलेला खाणीच्या धुळीचा डागही सुटत नाही. फोटो काढणारी सेनोबिया खाणीतल्या माणसांचे जुने फोटोही संगणकात घालतेय. माझी हाडं बघून ती थबकली.

"सेवेरोकाका, ही डावी बरगडी वाकडी जुळलीय. अगदी अशीच फाउस्तिनोंच्या एक्याण्णवच्या फोटोत आहे. दोघं एकाच खड्ड्यात पडलात की काय?"

"एकाच गाढवाने लाथ मारली," मी म्हणालो.

ती हसली. मी सदऱ्याची बटणं न लावताच गाडीतून उतरलो.

रविवारी तू म्हणालास, "पाद्रिनो, डाग निघाला तर खाली उतरू देणार नाहीत. फोटोला माझ्या जागी एवारिस्तो जाईल, त्याची छाती कोरी आहे. एक श्वास उसना घेतो, झालं!" मी तुला अडवलं नाही. उलट हसलो. तेव्हापासून झोप नाही.

तुझ्या बापाचा, फाउस्तिनोचा, फोटो स्वच्छ आला आणि दोन वर्षांत तो गेला. जुनं यंत्र आंधळं होतं, असं तुझी आई आजही म्हणते. तिला ते मीच सांगितलं होतं.

यंत्र आंधळं नव्हतं रे. त्याने नीट पाहिलं. मला पाहिलं. तू महिन्याचा होतास, फाउस्तिनो खोकत होता आणि त्याला काम सोडायचं नव्हतं. मी वर, माणसं खाणीत उतरवणाऱ्या पाळण्यावर कामाला, माझी छाती कोरी. त्याची टोपी घालून मी आत गेलो, त्याचं नाव सांगितलं, श्वास रोखला. बाहेर आल्यावर त्याने मला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तो खाली उतरला.

तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातात धरायचा, तुझा पाद्रिनो म्हणजे धर्मबाप व्हायचा मान मला त्याबद्दलच मिळाला.

हे आईला वाचून दाखव. नंतर दार बंद केलंत तरी चालेल. पण सोमवारी तू स्वतः जा. एवारिस्तोला पाठवलंस तर मी गाडीच्या दाराशी उभा असेन आणि सगळ्यांसमोर ओरडेन. सेनोबियाला आज सांगून आलोय, ती वाकडी बरगडी कुणाची ते.

तुझ्या बापाच्या नावाने श्वास घेतलेला,
सेवेरो